पोलॉयच्या कुरणातील ओक आणि माझी इतर मिळकत

मी, तोंका ग्रुबेक, माहेरचे आडनाव साबोल, वय एक्क्याऐंशी, मियो ग्रुबेक याची विधवा, राहणार मौजे लूग, सावा नदीच्या बांधाकडचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, खुबा नाही. शहरातील इस्पितळाने दोन्ही गोष्टींचा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि दारू पाजलेली नाही. आलुबुखाराचा एक पेला मी स्वतःच ओतून घेतला आहे, कारण बांधावर सकाळपासून धुके आहे आणि हाडे दुखतात.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे लिहिली. दोन चुलीत घातली. तिसरे वकीलबाईंच्या कपाटात आहे, ते या लिखाणाने रद्द समजावे. त्यात मी सर्व काही मुलाच्या नावे केले होते, आणि भावाच्या घराण्यातील कोणी माझ्या शवपेटीला हात लावू नये असेही लिहिले होते. दोन्ही गोष्टी आता तशा राहिलेल्या नाहीत.

कलम १. राहते घर, परसातील कोठार, विहीर व आलुबुखाराची सतरा झाडे मी माझा मुलगा व्लादो ग्रुबेक, हल्ली राहणार जर्मनी, यास देते. वकीलबाई म्हणाल्या, पोटच्या पोराला अगदीच रिकाम्या हाताने घालवता येत नाही, कायदा आडवा येतो. मी त्यांना म्हटले, कायदा राहू द्या, घर त्याचेच आहे. हे घर मियोने आणि मी छप्पन साली बांधले. खांब, तुळया, फळ्या सगळे ओकाचे. जिना बाहेरून आहे, कारण पाणी आत आले तर वर जायला वाट हवी. दर वसंतात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येते. चौसष्ट साली अकराव्या पायरीपर्यंत आले होते, तिथे मियोने खिळा ठोकला आहे. व्लादोला घर विकायचे असेल तर त्याने विकावे. छपरावरचे करकोच्याचे घरटे मात्र घेणाऱ्याला दाखवून विकावे, म्हणजे मग पुढे तक्रार नको.

कलम २. जंगम वस्तू. शिवणयंत्र टपालवाली स्लावित्सा हिला द्यायचे होते, पण ती या कागदावर साक्षीदार असल्याने तिला काही देता येत नाही, असे कळले. तिने सही करावी की यंत्र घ्यावे, हे मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "सही करते. यंत्राला सुई कुठाय?" म्हणून यंत्र चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. माळ्यावर टांगलेल्या, धुरी देऊन टिकवलेल्या डुकराच्या दोन मांड्या माझ्या दफनानंतरच्या जेवणात कापाव्यात. मक्याची भाकर घरची असावी, बेकरीची नको. शेजारी फ्रान्यो यास माझी लांब शिडी. ती गेली बावीस वर्षे त्याच्याकडेच आहे. आता ती त्याची झाली, एवढाच फरक.

मियोची होडी कोणालाही देऊ नये. तिचा तळ गेला आहे. ती जिथे आहे तिथे कुजू द्यावी.

कलम ३. माझ्या वडिलांच्या मिळकतीविषयी. वडील ब्लाझ साबोल हे गावाचे डुकरे राखणारे. शरद ऋतूत गावची सगळी डुकरे ते नदीपलीकडच्या ओकाच्या रानात पोहत नेत आणि ओकाची बोंडे खाऊन ती लठ्ठ झाली की पुन्हा पोहत आणत. ते एक्कावन्न साली वारले. मागे आम्ही दोघे, माझा थोरला भाऊ इम्ब्रो आणि मी. पाद्री आणि गावातील चार शहाणे बसले आणि त्यांनी वाटणी केली. उंचावरचे घर आणि सगळी कोरडी जमीन इम्ब्रोला, कारण तो पुरुष. नदीकाठचे पोलॉयचे कुरण मला, कारण काहीतरी द्यायला हवे. पोलॉय वर्षातील पाच महिने पाण्याखाली असते. वाटणीच्या कागदावर सही करताना इम्ब्रो हसला. म्हणाला, "घे तोंके, बेडूक पाळ."

त्यावर सगळे हसले. मी तेवीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

या इम्ब्रोविषयी मी गावाला पंचेचाळीस वर्षे एक गोष्ट सांगत आले. चौसष्टच्या महापुरात मी माझ्या दोन लेकरांसह ओकाच्या झाडावर अडकले होते, तेव्हा त्याची होडी जवळून गेली, तो "परत येतो" म्हणाला आणि आला नाही. गावाने ते मानले. मग गुत्त्यात कोणी त्याच्या टेबलावर बसेना. पोरे त्याच्या मागे "येतोच हं, येतोच" असे ओरडत. त्याचे नावच 'इम्ब्रो येतोच' पडले. माणसे त्याला पाठीमागे तसे म्हणत आणि पुढे पुढे तोंडावरही. गेल्या वर्षी तो वारला तेव्हा मी दारे लावून घरात बसले होते. खरे काय घडले ते सहाव्या आणि सातव्या कलमात लिहिले आहे. आधी कुरण.

कलम ४. मौजे लूग येथील पोलॉय नावाचे कुरण. चतुःसीमा: पूर्वेस सावेचा जुना मेलेला फाटा, पश्चिमेस गावचे सामाईक चराऊ रान, दक्षिणेस सरकारी जंगल, उत्तरेस बांध. त्यात एक उंचवटा आहे आणि उंचवट्यावर ओकाचे एक झाड. पाच माणसांनी हाताला हात लावले तर बुंधा कवेत येतो. याखेरीज मी स्वतः बोंडे पुरून वाढवलेले लहानमोठे ओक एकशे चाळीस, ते फाट्याच्या काठाने आहेत.

ओलीला बहुतेक झाडे कंटाळतात. हे कंटाळत नाही. महिनोन्‌महिने पाय पाण्यात ठेवून उभे राहते आणि मे महिन्यात जणू काही झालेच नाही असे पालवते. जुलैत गावची पन्नास-साठ गुरे आणि घोडे त्याच्या सावलीत मावतात. इम्ब्रोची गुरेही तिथेच बसत. मी त्यांना कधी हाकलले नाही, कारण गाय कोणाची आहे हे तिला माहीत नसते. शरदात बोंडे पडली की डुकरे, हरणे, रानडुकरे, निळ्या पिसांचे जे पक्षी बोंडे चोरून पुरून ठेवतात आणि विसरतात ते, सगळे येतात. माझ्या एकशे चाळीस झाडांपैकी निम्मी त्या पक्ष्यांनी लावली असावीत. श्रेय मी घेत आले.

त्रेसष्ट साली माझी डुकरे कुंपण नसलेल्या बाजूने सरकारी जंगलात गेली. वनरक्षक श्टेफ मातोशेक याने ती कोंडून ठेवली आणि माझ्यावर खटला भरला. मी म्हटले, "साहेब, डुकराला हद्द कशी कळणार?" तो म्हणाला, "डुकराला नाही, बाईला कळायला हवी." मला दहा दिवस कोठडी झाली. रूझा तेव्हा तीन वर्षांची होती आणि ते दहा दिवस ती शेजाऱ्यांकडे रडत होती. मातोशेकचे नाव मी माझ्या यादीत इम्ब्रोच्या खाली लिहिले, फार खाली नाही.

कलम ५. महापुराविषयी. याचा मिळकतीशी संबंध आहे, म्हणून लिहिते.

ऑक्टोबर चौसष्ट. मियो वाळूच्या बार्जवर कामाला होता, नदीच्या पार खालच्या अंगाला. पोलॉयमध्ये माझी गाय विणार होती. पाणी चढते आहे, गुरे वर आणा, असे गावात सांगून गेले होते. मी गेले, पण गाय उठेना. मुलांना घरी एकटे ठेवायचे नव्हते आणि भावाच्या घरी ठेवायची तर माझी जीभ झडली असती. म्हणून दोघांना बरोबर नेले. व्लादो आठ वर्षांचा, रूझा चार वर्षांची.

दुपारी वरच्या अंगाला बांध फुटला. पाणी आले ते भिंतीसारखे नाही, जमिनीतून उगवल्यासारखे आले. आम्ही आलो ती होडी एका ओंडक्याने दोर तोडून नेली. झाडाला लागून गवताची गंजी होती. गंजीवर चढून मी मुलांना पहिल्या फांदीवर ढकलले आणि मागून गेले. थोड्या वेळाने गंजीही गेली. गाय शेवटपर्यंत आमच्याकडे बघत होती.

आम्ही त्या झाडावर दोन दिवस होतो. फांद्यांवर आमच्याबरोबर ससे, एक रानमांजर, साप आणि असंख्य किडे होते. कोणी कोणाला धरले नाही. पाऊस थांबत नव्हता. रूझा व्लादोच्या मांडीवर पाय ठेवून माझ्या कुशीत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सरकारी होडी घेऊन मातोशेक आला. आम्हाला उतरवताना त्याने वर फांद्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "तुमच्यासाठी आलो नाही, बाई. झाड उभं आहे का ते बघायला आलो होतो."

तोवर रूझाचे अंग तापले होते. पाचव्या दिवशी ती गेली. मियो सातव्या दिवशी पोहोचला.

त्या वाक्यासाठी मी मातोशेकशी पंचेचाळीस वर्षे बोलले नाही.

कलम ६. चालू वर्षाच्या हकिगतीविषयी. फेब्रुवारीत मी जिन्यावरच्या बर्फावरून घसरले आणि खुबा मोडला. मला शहराच्या इस्पितळात नेले. व्लादो जर्मनीहून आला, चार वर्षांनी. खाटेशी बसला, संत्रे सोलून दिले. मग एक कागद पुढे केला. म्हणाला, "आई, हे विम्याचं आहे. इथं सही कर." मी केली. माझा चष्मा घरी होता.

एप्रिलमध्ये त्याने मला घरी आणले. दुसऱ्या दिवशी नावाडी तोमो बेल्यान मला म्हणाला, "तोंकाकाकू, तुमच्या ओकाला कोणी तांबडा पट्टा मारलाय?" कुरणात पाणी होते. मी त्याला होडीतून न्यायला लावले. पाण्याच्या वर वीतभर, बुंध्याभोवती तांबड्या रंगाचा पट्टा होता. फाट्याकाठच्या माझ्या झाडांपैकी मोठ्या साठ झाडांनाही तसाच. मी सही केलेला कागद विम्याचा नव्हता, मुखत्यारपत्र होते. दारूची पिंपे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या दलालाला व्लादोने पोलॉयमधील झाडे विकली होती.

मी घरी येऊन याच टेबलावर त्याला विचारले. खोटे बोलणार नाही, तो लपवत बसला नाही.

तो म्हणाला, "हो, विकली. तू परत चालशील असं डॉक्टर म्हणत नव्हते. मला कोणाला तरी तुझ्यापाशी ठेवायचंय, त्याला खर्च आहे."

मी म्हटले, "मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

मी म्हटले, "त्या झाडानं तुझा जीव वाचवलाय. तुला लाज कशी नाही वाटत?"

तेव्हा तो उठला आणि खिडकीशी गेला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, केस गेलेले. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आई, दोन दिवस तिचे पाय माझ्या मांडीवर होते. गार पडत चाललेले मला कळत होतं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, गप्प बस, मामाचा शाप लागलाय. दर उन्हाळ्यात तू मला त्याच झाडाखाली गवत कापायला न्यायचीस. मला ते झाड नकोय. कधीच नको होतं."

मी म्हटले, "मामानं थांबायला हवं होतं."

तो वळला. म्हणाला, "मामा थांबला होता. मी तिथं होतो, आई. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. तो विसरला असेल अशी माझी समजूत होती. आठ वर्षांच्या पोराच्या ध्यानात काय राहते, असे मला वाटे.

म्हणून आता लिहिते. पहिल्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी इम्ब्रोची होडी आली. होडीत त्याची बायको, तिची म्हातारी आई, थोरला मुलगा आणि कुशीत तान्ही जुर्जा. होडी काठापर्यंत बुडाली होती. तरी त्याने ती वळवून झाडाला लावली, एका हाताने फांदी धरली आणि दुसरा हात वर केला. म्हणाला, "तोंके, पोरगी दे. एवढी मावते. तुम्हा दोघांसाठी परत येतो."

मी म्हटले, "तुझ्या होडीत माझी पोर पाय ठेवणार नाही. जा, बेडूक पाळ."

तो म्हणाला, "तोंके, वेडी आहेस का? दे तिला."

मी रूझाला पाठीमागे वळवले. त्याची सासू किंचाळत होती. प्रवाहाने होडी ओढली आणि फांदी त्याच्या हातातून सुटली. जाता जाता तो ओरडला, परत येतो.

तेरा वर्षांपूर्वीच्या वाटणीवरून मी हे केले. व्लादोने ते ऐकले होते आणि पंचेचाळीस वर्षांत एकदाही कोणाला सांगितले नाही. गावात मामाची टिंगल होताना तो माझ्या शेजारी उभा असे. एकोणिसाव्या वर्षी तो जर्मनीला गेला तेव्हा मी लोकांना सांगत होते, पैशासाठी गेला.

एप्रिलमधल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत गेला. जाताना पाया पडल्यासारखे वाकून त्याने माझ्या काठीचे रबर नीट बसवले. झाडांचा सौदा मात्र रद्द केला नाही, आणि ते मी त्याला माफ करत नाही. त्याला ते झाड नको होते, हे मला आता कळते. पण चष्मा नसलेल्या आईकडून सही घेणे यासाठी झाड कारण होऊ शकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्याने त्या वेगळ्या ठेवाव्यात.

कलम ७. पोलॉयचे कुरण, त्यातील मोठा ओक व सर्व लहान ओक मी श्टेफ मातोशेक, निवृत्त वनरक्षक, वय चौऱ्याऐंशी, राहणार लूग, यास देते. वाचणाऱ्याने चष्मा पुसू नये, बरोबर वाचले आहे.

मुखत्यारपत्र रद्द करायला मी वकीलबाईंकडे गेले. कागद कचेरीत गेला आणि तिथेच पडून राहिला. कुरणात पाणी होते तोवर ट्रॅक्टर आत येऊ शकत नव्हता, म्हणजे दोन महिने पाण्याने राखण केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात जमीन कोरडी पडली. एका सकाळी स्लावित्सा सायकलवरून आली आणि म्हणाली, "काकू, करवतवाले आलेत. आणि मातोशेक झाडाखाली स्टूल टाकून बसलाय."

तोमोने मला घोडागाडीत घालून नेले. मातोशेक खरेच बसला होता. डोक्यावर जुनी सरकारी टोपी, पायात घरातल्या सपाता, मांडीवर दुर्बीण. करवतवाले चौघे त्याच्यासमोर उभे. त्यांचा मुकादम म्हणत होता, "आजोबा, उठा. आमच्याकडे कागद आहे."

मातोशेक म्हणाला, "माझ्याकडेही आहे. वर बघा. पांढऱ्या शेपटीच्या गरुडाचं घरटं आहे, आत दोन पिल्लं आहेत. कायद्यानं त्या पिल्लांना हात लागला तर तुमचा मालक तुमच्या आधी आत जाईल. शहरात अर्ज दिलाय, पोच खिशात आहे. वाचायचीय?"

"आणि आम्ही तुम्हाला उचलून बाजूला ठेवलं तर?"

"ठेवा की. वजन जास्त नाही. फक्त कमरेत खिळा आहे, तिथं धरू नका."

मुकादमाने बराच वेळ वर पाहिले. पिल्ले दिसत नव्हती, पण मोठी मादी घिरट्या घालत होती आणि तिची सावली आमच्यावरून जात होती. मग ते ट्रॅक्टर वळवून गेले. पिल्ले उडेपर्यंत मातोशेक रोज येऊन बसला. तोवर माझा कागदही कचेरीतून बाहेर आला आणि सौदा मोडला.

सप्टेंबरात मी त्याच्या घरी गेले. दारात उभी राहून म्हटले, "मातोशेकसाहेब, मी पोलॉय तुमच्या नावे करतेय."

तो म्हणाला, "मी चौऱ्याऐंशीचा आहे. मला देऊन काय होणार?"

"तुम्ही मरताना कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला माणसं निवडता येत नाहीत, हे सिद्ध झालंय."

"अट काय?"

"झाड तोडायचं नाही. आणि बोंडं पडली की गावातल्या कोणाचीही डुकरं आत येतील, त्यांना हाकलायचं नाही."

"डुकरं मुळं उकरतात."

"उकरू देत."

तो म्हणाला, "ठीक. पण घेण्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं. नाहीतर ते फसवून घेतल्यासारखं होईल." आणि त्याने मला खुर्ची दिली. मी बसले.

त्याने सांगितले ते असे. त्या पुरात इम्ब्रोने आपल्या माणसांना बांधावर उतरवले आणि लगेच परत फिरला. चर्चच्या वळणावर त्याची होडी उलटली. अंधार पडता पडता तो पोहत वनचौकीवर पोहोचला. चौकीची होडी मातोशेकने दुसऱ्या गावी पाठवलेली होती. ती तिसऱ्या दिवशी दुपारी परत येईपर्यंत इम्ब्रो ओल्या कपड्यांत चौकीच्या पायरीवर बसून होता. मातोशेक निघाला तेव्हा इम्ब्रोने त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "मी पाठवलं असं तिला सांगू नका. माझं नाव ऐकलं तर ती होडीत बसणार नाही. दुसरं काहीही सांगा."

मातोशेक म्हणाला, "मला दुसरं सुचेना. झाडाचं म्हटलं."

मी विचारले, "नंतर का नाही सांगितलंत?"

"मुलगी गेल्यावर तो आला होता. म्हणाला, आता तर मुळीच नको. तिला कळलं की माझ्या होडीत पोर वाचली असती, तर ती जगणार नाही. मला शिव्या देत जगू दे. मी शब्द दिला होता, बाई. तो गेला म्हणून आता सांगतोय."

मी उठले आणि घरी आले. रस्त्यात कोण भेटले ते आठवत नाही.

मातोशेकला कुरण देते याचे कारण तो दिलेला शब्द पाळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याच कारणासाठी त्याच्यावरचा माझा राग कायम आहे. त्याने एक वर्ष आधी तोंड उघडले असते तर इम्ब्रो जिवंत होता. मी त्याच्या दारात गेले असते की नाही, हे सांगता येत नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण जाणे न जाणे माझ्या हाती राहिले असते.

कलम ८. माझी भाची जुर्जा, इम्ब्रो साबोल याची मुलगी, हिच्याविरुद्ध, आणि तिच्याआधी तिच्या बापाविरुद्ध, वाटणीतील रस्त्याबाबत मी कोर्टात चालवलेला दावा मागे घेत आहे. तो अठ्ठावीस वर्षे चालू आहे आणि मी तो जिंकणार होते, असे वकीलबाईंचे मत आहे. रस्ता तिचा.

मी घसरले त्या दिवशी जिन्याखालून मला उचलले ते जुर्जानेच, हे वर लिहायचे राहिले. माझी हाक शेजाऱ्यांना ऐकू जात नव्हती, ती बांधावरून चालली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने आपला कोट माझ्यावर घातला आणि म्हणाली, "आत्या, बोलू नका, दम लागेल." तिच्याशी मी त्याआधी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. तेव्हाही मी तिला म्हटले ते एवढेच, की कोट तुझ्या बापाचा तर नाही ना. ती म्हणाली, नाही, माझा आहे.

सप्टेंबरपासून मी तिच्या घराकडे तीन वेळा निघाले. एकदा फाटकापर्यंत गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि तिने मान वर करून मला पाहिले. मी म्हटले, अंडी आहेत का. तिने सहा अंडी कागदात बांधून दिली. ती घेऊन मी परत आले. यापुढे माझ्याच्याने होईल असे वाटत नाही, म्हणून हे कलम.

माझे दफन रूझाच्या उजव्या अंगाला व्हावे, डावीकडे मियो आहे. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर जिथे गावाच्या सूचना वाचतात तिथे, या मृत्युपत्रातील सहावे आणि सातवे कलम स्लावित्साने मोठ्याने वाचावे. तिचा आवाज खणखणीत आहे आणि तिला आवडेलही. मुलांना घरी पाठवू नये. ज्या पोरांनी इम्ब्रोच्या मागे आरोळ्या ठोकल्या ती आता साठीची आहेत, ती पुढे उभी करावीत. पाद्र्याने मध्ये बोलू नये आणि माझ्या बाजूने काही सांगू नये. जुर्जाला चर्चमधून खुर्ची आणून द्यावी, तिचे गुडघे दुखतात.

व्लादोने हजर राहावे. त्याला हे सारे माहीत आहे, पण माझ्या तोंडून त्याने ते कधी ऐकलेले नाही. वाचून झाल्यावर त्याला पोलॉयकडे जायची गरज नाही. त्याने सरळ घरी जावे, गाडी पकडावी. पोलॉयवर त्याचा हक्क राहिलेला नाही आणि तिथे जाण्याचे कर्तव्यही राहिलेले नाही. कुरण त्याला दिले नाही ते शिक्षा म्हणून नाही, हे येथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण तो तसे समजेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तिसऱ्या कलमात 'आला नाही' हे शब्द आहेत. ते खोडावेत असे तोमो म्हणाला. मी खोडत नाही. मी जे सांगत होते ते तसेच दिसायला हवे.

सही: तोंका ग्रुबेक

साक्षीदार १: स्लावित्सा त्काल्चेक, टपालवाटप, लूग. मजकूर माझ्यासमोर वाचला गेला, सही माझ्यासमोर झाली. वाचायचे काम कबूल आहे. ते मला आवडणार नाही, असे बाईंना सांगितले आहे.

साक्षीदार २: तोमो बेल्यान, नावाडी, लूग.

ठिकाण: लूग, सावाकाठ. दिनांक: अठ्ठावीस ऑक्टोबर, दोन हजार नऊ.